माळावरचे वाटेकरी

पेशवाई बुडून सहा वर्षे झाली असता, १८२४ च्या ऑक्टोबर महिन्यात, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अंमलदाराची दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमणूक केली. खडकी आणि पुणे येथील लढायांत पलटणीचे नेतृत्व केलेले, मराठी जाणणारे आणि सरकारने मागितलेल्या माहितीहून अधिक काही पाहण्याची असोशी बाळगणारे हे गृहस्थ गावे, उंबरे, विहिरी, नांगर, पिके आणि बाजारभाव यांची मोजदाद करीत वर्षानुवर्षे या मुलखात फिरले, आणि फिरता फिरता पाखरे, मासे व जनावरे यांचीही टिपणे करीत गेले. १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची जी यादी ठेवली, तीत येथील लांडग्यास ‘कॅनिस पॅलिपेस’ हे स्वतंत्र शास्त्रीय नाव प्रथम मिळाले. आणि त्याच यादीत कोल्हा, खोकड, तरस, कोळसुना व बिबट्या यांच्या नोंदी, इथल्या लोकांच्या तोंडी असलेल्या नावांसह, एकापाठोपाठ एक आल्या. एवढे मांसभक्षक प्राणी एकाच मुलखात, एकाच काळी, बहुधा एकाच माळाच्या आसपास राहत होते, ही गोष्ट त्या यादीवरून सहज ध्यानात येते. ते सारे तेथे एकत्र कसे नांदत होते, हा प्रश्न मात्र त्या काळी कोणी विचारला नव्हता.

ज्या भूमीविषयी मी लिहीत आहे, ती पवना, इंद्रायणी, भामा आणि भीमा या नद्यांच्या दरम्यानची. आज तिला पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा औद्योगिक पट्टा म्हणून ओळखतात, आणि मोटारींचे, सुट्या भागांचे व औषधांचे कारखाने हीच तिची ओळख झाली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेस काही कोसांतच झपाट्याने उणावत जातो, आणि मावळची भातखाचरे संपून भोसरी, मोशी, चाकण या बाजूस आले की पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. नदीकाठची पांढरी आणि काळी जमीन सोडली, तर मधले उंचवटे मुरमाड. त्यांवर मातीचा थर वीतभर, आणि त्या थरावर कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते, मधून बोर, बाभूळ आणि हिवर. महसुली दप्तरात या जमिनीस कुरण, गायरान किंवा पड म्हणत. जिराईत शेताच्या बांधापासून अशा माळाची सीमा सुरू होई आणि पलीकडच्या गावाच्या शिवेपर्यंत ती अखंड जाई. चाकणच्या संग्रामदुर्गास १६६० साली शाइस्तेखानाने वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो छपन्न दिवस झुंजविला, तेव्हा मोगली फौजेची जनावरे ज्या गवतावर चरली असतील, ते गवत याच माळांचे.

या माळावर साइक्सांच्या काळी आणि त्यानंतरही दीर्घकाळ जी वाटणी चालू होती, ती समजून घेण्यासारखी आहे. लांडगा हा उघड्या जागेचा धनी. त्याचे सामर्थ्य पळण्यात, दमछाक न होऊ देता मैलोगणती पाठलाग करण्यात आणि तीन-चारांच्या टोळीने मिळून भक्ष्य वळविण्यात. तेव्हा काळवीट, चिंकारा, ससा हा त्याचा आहार, आणि मेंढरांचे कळप माळावर आले की त्यांतील मागे पडलेले कोकरू. त्याला झाडी नको असते, दाट आडोशाचे त्याला वावडे. पिलांसाठी ओढ्याच्या काठी किंवा माळाच्या उतारावर बीळ उकरावे, नाही तर दुसऱ्या कोणाचे तयार बीळ मोठे करून घ्यावे, एवढीच त्याची गरज. खोकड त्याच माळावर राहते, परंतु त्याचा देह मांजरापेक्षा फारसा मोठा नाही आणि त्याची भूक उंदीर, टोळ, वाळवी, सरडे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी आणि हंगामात गळून पडलेली बोरे यांवर भागते. लांडगा ज्या उंदराकडे ढुंकून पाहणार नाही, त्या उंदरावर खोकडाचे अख्खे कुटुंब वाढते. कोल्हा हा या दोघांच्या मधला: त्याला माळही चालतो, ओढ्याची झाडी चालते आणि गावकुसही चालते, मेलेले जनावर, बोरे, खेकडे, उंदीर, शेतातला हरभरा, यांपैकी जे मिळेल त्यावर त्याचा निर्वाह होतो. तरसाची वस्ती खडकाळ टेकड्यांच्या कपारीत. रात्री एकटेच निघावे, वारा हुंगीत कोसच्या कोस चालावे, आणि गावाबाहेर टाकलेल्या मेल्या बैलाची जी हाडे गिधाडांनी आणि कोल्ह्यांनी सोडून दिली, ती आपल्या जबड्याने फोडून आतील मगज खावा, हा त्याचा क्रम. आणि बिबट्या? त्याची शिकार दबा धरून एका झेपेत व्हायची. म्हणून आडोसा हीच त्याची पहिली गरज. माळाशी त्याचे नाते किनाऱ्यापुरतेच होते. सह्याद्रीचे घाट, घोरवडेश्वर किंवा भामचंद्रासारख्या डोंगरांच्या घळी, नदीकाठची दाट झुडपे, इतक्याच जागा त्याच्या वाट्याच्या. उघड्या गवतात उतरला तर लांडग्यांच्या टोळीपुढे एकट्या बिबट्याचा टिकाव लागणे कठीणच.

हे सामंजस्य सलोख्याने ठरविलेले नव्हते. लांडगा सापडेल तेथे खोकडाला मारतो, बिबट्या कोल्ह्यास सोडीत नाही, आणि तरस बिबट्याची शिकार हिसकावून घेण्याची संधी शोधीत असते. तरीही या सर्वांची कुळे एकमेकांशेजारी सहस्रावधी वर्षे टिकून राहिली, कारण प्रत्येकाची जागा, वेळ आणि भक्ष्याचा आकार यांत इतका फरक होता की एकाच्या भरभराटीने दुसऱ्याचा सर्वनाश होत नसे. रशियन शास्त्रज्ञ गाउझे यांनी १९३४ साली आपल्या प्रयोगांतून दाखविले की काचेच्या नळीत एकाच अन्नावर जगणाऱ्या दोन सूक्ष्म जीवजाती फार काळ सोबत राहू शकत नाहीत, त्यांतली एक दुसरीस संपवून टाकते. पुढे १९५८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ मॅकआर्थर यांनी सूचिपर्णी वृक्षांवर चरणाऱ्या पाच सारख्याच दिसणाऱ्या पाखरांचा अभ्यास करून असे सिद्ध केले की एकाच झाडाचा शेंडा, मध्य आणि बुंधा हे त्या पाखरांनी आपापसांत वाटून घेतलेले असतात.

समुद्रातही हाच न्याय चालतो, आणि तेथील उदाहरणे आमच्या वाचकांस अपरिचित असली तरी फार बोलकी आहेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यास लागून सील आणि समुद्रसिंह यांच्या अनेक जाती एकाच पाण्यात मासे धरतात. त्यांतला समुद्रसिंह बहुतांशी वरच्या शंभरएक मीटरांच्या थरात, झुंडीने पोहणाऱ्या लहान माशांमागे लागतो. बंदरालगतचा ठिपकेदार सील किनाऱ्याजवळच्या उथळ तळाशी शोध घेतो. आणि प्रचंड देहाचा हत्ती-सील किनारा सोडून दूर जातो व चारशे मीटरांहून खोल, अंधाऱ्या पाण्यात वीस-वीस मिनिटे श्वास रोखून बुडी मारतो. त्यातही त्याच्या माद्या मोकळ्या महासागराकडे वळतात, तर नर खंडाच्या उथळ कडेने चरतात. म्हणजे एकाच जातीत नर-माद्यांनीही क्षेत्र वाटून घेतलेले असते. दक्षिण ध्रुवाच्या बर्फाळ समुद्रात खेकडे-सील म्हणविला जाणारा प्राणी, नाव काहीही असो, आपल्या झालरदार दातांतून पाणी गाळून क्रिल नावाचे झिंग्यासारखे कीटकप्राय जीव खातो. वेडेल सील किनाऱ्याच्या घट्ट बर्फाखाली खोल जाऊन मासे धरतो. आणि बिबट्या-सील पेंग्विनवर व इतर सीलांच्या पिलांवर झडप घालतो. तेथे पाण्याची खोली आणि बर्फाची कड हे वाटणीचे निकष; आमच्या माळावर ते काम गवताची उंची, खडक आणि ओढे करीत होते. परंतु समुद्राची खोली कोणत्याही सरकारच्या हुकमाने बदलत नाही. माळ बदलतो, आणि त्यानेच पुढचा इतिहास घडला.

१८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी इंदापूर तालुक्यात शेतांची मोजणी करून, मातीची प्रतवारी लावून, सारा कायम करण्याची जी पद्धत घातली, ती पुढे साऱ्या इलाख्यात पसरली. पूर्वीचे अवास्तव सारे कमी झाल्याने रयतेस दिलासा मिळाला, हे नाकारता येणार नाही. परंतु नांगराखाली आलेल्या जमिनीस हक्क आणि किंमत, व न आलेल्या जमिनीस केवळ ‘पड’ हा शेरा, असे जे दोन कप्पे दप्तरात पडले ते आजतागायत मोडलेले नाहीत. गावोगावी कुरणांचे तुकडे शेतीखाली गेले, काळवीट आणि चिंकारा मागे हटले. लांडग्याचे भक्ष्य हरवले, तेव्हा त्याने मेंढ्या-शेळ्यांकडे तोंड वळविले, आणि सरकारने त्याच्या मस्तकावर बक्षीस लावले. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी कागदपत्रांवरून काढलेला हिशेब असा की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ऐंशी हजारांहून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबटे आणि दोन लाखांहून अधिक लांडगे मारले गेले. या तिघांत लांडग्याचाच आकडा मोठा आहे, आणि तरीही वाघाच्या संहाराविषयी जेवढी हळहळ व्यक्त झाली तिच्या शतांशही लांडग्याविषयी झाली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

लांडगा मात्र दख्खनच्या माळावरून समूळ गेला नाही, आणि याचे श्रेय मोठ्या अंशाने धनगर मेंढपाळांस द्यावे लागेल. दिवाळीनंतर जिरायत रानातील पिके निघाली की मेंढरांचे वाडे घेऊन हे लोक घाटाच्या दिशेने निघतात. वाटेत खेड, मावळ, हवेलीच्या शेतकऱ्यांच्या रिकाम्या शेतांत मेंढ्या बसवितात, लेंडीचे खत शेतात पडते, आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसा मिळतो. या कळपांमागोमाग लांडगा चालतो. रात्री वाघरीच्या जाळ्याबाहेर कुत्री भुंकत राहतात, तरी एखादे कोकरू जाते. आणि लांडग्याने आपला वाटा नेला, असे म्हणून पुष्कळ धनगर पुढच्या मुक्कामाची तयारी करतात. विषप्रयोग झाले नाहीत, बिळात धूर कोंडून पिले मारली गेली नाहीत, असे नव्हे. परंतु ज्या समाजाचे प्रत्यक्ष नुकसान होत होते, त्याच समाजाच्या कळपांवर आणि सहनशीलतेवर लांडग्याचे कूळ जगले, ही गोष्ट इतिहासात नोंदविली पाहिजे. अकोले, जुन्नर, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाज वाघबारसेला वाघोबाची पूजा करतो, तिथेही हाच भाव आहे: जंगलाच्या धन्याला त्याचा मान द्यावा आणि आपल्या गुरावासरांसाठी अभय मागावे.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशात या वाटणीस जो धक्का बसला तो धरणांनी दिला. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही धरणे, भीमेवरचे चासकमान, भामेवरचे भामा आसखेड यांनी जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांच्या पूर्वेकडील कोरड्या शिवारात पाटाचे पाणी आणले, आणि पाण्यामागोमाग ऊस आला, उसामागोमाग सहकारी साखर कारखाने आले. शेतकऱ्याच्या घरात प्रथमच पैसा खेळू लागला. त्याविषयी कोणी नाक मुरडू नये. पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, पुरुषभर उंचीहून अधिक वाढतो, त्याला बाराही महिने पाणी असते, आणि त्यात माणसाचा वावर क्वचितच. जो आडोसा नसल्यामुळे बिबट्या माळावर उतरत नव्हता, तो आडोसा शेतकऱ्याने आपल्या हातांनी, ओळी धरून, मैलोगणती लावून दिला. बिबट्याच्या माद्या उसाच्या फडात पिले देऊ लागल्या. आज त्या भागांत ऊसतोड सुरू झाली की फडात डोळे न उघडलेली पिले सापडतात; वनखात्याची माणसे ती पिले टोपलीत घालून त्याच ठिकाणी ठेवतात आणि रात्रीतून आई येऊन ती घेऊन जाईल याची वाट पाहतात. हे काम अतिशय निगुतीने आणि चिकाटीने केले जाते, आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राशी संबंधित डॉक्टर व कर्मचारी यांचा त्यात मोठा वाटा आहे.

एकाचे राज्य वाढले तेव्हा दुसऱ्याचे आकुंचन पावले. उसाच्या पट्ट्यात लांडग्याला पळण्यास जागा नाही, बीळ करण्यास कोरडी उतरण नाही, आणि मेंढरांचे वाडे उतरण्यास रिकामी रानेही नाहीत. साहजिकच तो पूर्वेस आणि दक्षिणेस, पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंडच्या न भिजलेल्या माळांवर सरकला. खोकडाचेही तसेच झाले. कोल्ह्याला मात्र ऊस मानवला, आणि तरस टेकड्यांच्या कपारी धरून आहे तेथेच राहिले. पश्चिम महाराष्ट्राच्या नकाशावर पाटाच्या पाण्याची सीमा आखली, तर बिबट्या आणि लांडगा यांच्या मुलखांची सीमाही तिच्याच आसपास पडेल, असे माझे मत आहे.

या नव्या वाटणीची दखल न घेता जे धोरण आखले गेले, त्याची किंमत माणसांनी आणि बिबट्यांनी दोघांनीही मोजली. बिबट्या ऊसशेतीत दिसला की तो जंगलातून वाट चुकून आला आहे, त्याला धरून जंगलात सोडावे, अशी समजूत त्या वेळी सर्वत्र होती. फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात जुन्नर वनविभागात १०३ बिबटे पिंजऱ्यांत धरले गेले, आणि त्यांतील २९ सरासरी चाळीस किलोमीटरांच्या आसपास दूर असलेल्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा जो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष धक्कादायक होता: १९९३ ते २००१ पर्यंत माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते या मोहिमेच्या काळात सतरावर गेले, आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. पिंजऱ्यातले हाल, अनोळखी मुलूख, तेथे आधीपासून वसलेले दुसरे बिबटे, आणि घराकडे परतण्याची ओढ, यांनी ती जनावरे बिथरली. ज्यांची मुले त्या दोन-तीन वर्षांत गेली, त्यांच्या दुःखापुढे कोणताही शास्त्रीय निष्कर्ष थिटाच आहे; पण हा निष्कर्ष वेळेवर हाती असता तर त्यांतले काही जीव वाचले असते, म्हणून तो पुन्हापुन्हा सांगितला पाहिजे.

अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या तेथे न थांबता किती दूर जाऊ शकतो, ते ‘आजोबा’ नावाने महाराष्ट्रभर प्रसिद्ध झालेल्या बिबट्याने दाखविले. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या वयस्क नरास बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा घालून माळशेज घाटाजवळ सोडण्यात आले. तेथून तो रेल्वेचे रूळ, महामार्ग आणि वस्त्या ओलांडीत सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला, आणि या साऱ्या प्रवासात त्याने कोणाही माणसास इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये एका वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला.

अत्रेय यांनी नंतर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले खोऱ्यात, जेथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात आणि जंगल म्हणावे असे काहीच नाही, तेथे स्वयंचलित कॅमेरे बसवून जे पाहिले, ते या लेखाच्या विषयाशी थेट जुळते. शंभर चौरस किलोमीटरांमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तेवढीच तरसे त्या ऊस-भाजीपाल्याच्या शिवारात वावरत होती. शिवाय कोल्हा, खोकड, रानमांजर, जवादी मांजर यांचीही छायाचित्रे मिळाली. दोन मोठे मांसभक्षक एकाच शिवारात, एकाच रात्री फिरतात, आणि दोघांचेही चालते. कारण एक मारून खातो आणि दुसरा बहुधा उरलेले, मेलेले, टाकलेले खातो. बिबट्याच्या विष्ठेच्या तपासणीत त्याच्या आहाराचे जवळजवळ सत्त्याऐंशी टक्के वजन पाळीव प्राण्यांचे निघाले, आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचा वाटा एकोणचाळीस टक्के. शेळ्या संख्येने कितीतरी अधिक असूनही त्यांचे प्रमाण अकरा टक्क्यांच्या आसपास राहिले. कारण शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते आणि कुत्रे मोकळे असते. गळ्यात पट्टे बांधलेल्या बिबट्यांच्या हालचालींवरून असेही कळले की रात्री ते घरांच्या अगदी पंचवीस मीटरांच्या आत येऊन जात, आणि दिवसा, लोक शेतात असताना, दडून राहत. माणूस आणि बिबट्या यांच्यातही घड्याळाची वाटणी झाली होती.

आता पिंपरी-चिंचवड आणि चाकणकडे वळतो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी स्थापन झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांसारख्या कारखान्यांनी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीचा माळ व्यापला. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका, असा हा विस्तार झाला; आणि नव्वदीनंतर औद्योगिक वसाहतीने इंद्रायणी ओलांडून चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी येथील शिवार गाठले. ज्या चाकणला पूर्वी कांद्या-बटाट्याच्या पेठेमुळे लोक ओळखत, तेथे फोक्सवॅगन, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आले. भूसंपादनाच्या वेळी बागायत जमिनीस भाव अधिक, जिराईतास कमी, आणि मुरमाड माळ व गायरान सर्वांत स्वस्त. म्हणून कारखान्यांच्या वाट्यास स्वाभाविकपणे तोच माळ मोठ्या प्रमाणात आला, जो पूर्वी लांडग्या-खोकडांच्या वाट्याचा होता. कागदावर तो पड होता. तेथे कोणी राहत होते, याची नोंद करण्यासाठी दप्तरात रकानाच नव्हता.

चाकण हे खेड तालुक्यात, आणि खेड तालुका जुन्नर वनविभागात मोडतो. त्यामुळे मोटारींचा हा पट्टा आणि महाराष्ट्रातील बिबट्यांचा सर्वांत दाट वस्तीचा शेतीप्रदेश हे एकाच वनखात्याच्या अंमलाखाली येतात. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्यात एक तरुण नर बिबट्या शिरला. काम थांबवून कामगारांना बाहेर काढण्यात आले, आणि कित्येक तासांच्या प्रयत्नांनंतर वनखात्याने त्याला बेशुद्ध करून सुखरूप बाहेर काढले. वर्तमानपत्रांनी ही घटना आश्चर्य म्हणून छापली. परंतु कारखान्याच्या भिंतीबाहेर भामेच्या पाण्यावरचा ऊस उभा आहे, कामगारवस्त्यांच्या उकिरड्यांवर भटक्या कुत्र्यांची झुंबड आहे, आणि आईपासून नुकताच वेगळा झालेला तरुण नर आपल्यासाठी मोकळा मुलूख शोधीत हिंडत असतो, हे तिन्ही ध्यानात घेतले तर त्याचे येणे क्रमप्राप्तच होते.

कुत्र्यांचा हा प्रश्न मला बिबट्याच्या प्रश्नाहूनही गंभीर वाटतो, कारण कुत्रा हा या माळावरचा नवा आणि सर्वांत बलिष्ठ वाटेकरी आहे. त्याचे पोट माणसाच्या उष्ट्यावर आणि कोंबड्यांच्या खुराड्यांबाहेर फेकलेल्या मांसावर भरते. म्हणून भक्ष्य कमी झाले तरी त्याची संख्या कमी होत नाही, आणि गाउझेच्या नळीतल्याप्रमाणे स्पर्धेचा जो नैसर्गिक लगाम इतर प्राण्यांस असतो तो त्याला लागू पडत नाही. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावर अबी तमीम वनक यांनी खोकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की जवळ कुत्रा असला, तर खोकड समोर ठेवलेले अन्नही पोटभर खात नाही. त्याचा वेळ मान वर करून चाहूल घेण्यात जातो. कुत्र्यांमार्फत पिसाळरोग आणि डिस्टेंपर हे रोग खोकड-लांडग्यांत शिरतात, तो धोका निराळाच. त्याहून सूक्ष्म अनर्थ २०२३ मध्ये उघड झाला: पुण्याच्या परिसरातील माळांवर दिसलेल्या पिवळसर रंगाच्या काही लांडग्यांच्या जनुकांची तपासणी केली असता ते लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून जन्मलेले असल्याचे निष्पन्न झाले. गवत उरले नाही, लांडग्यांच्या टोळ्या विरळ झाल्या, जोडीदार मिळेनासा झाला, आणि दाराशी कुत्र्यांचे थवे आले. ज्या दोन जातींना आजवर वेगळे वाटे होते, त्यांच्यातली सीमाच अशा रीतीने पुसट होत आहे.

पूर्वेस काही आशादायक गोष्टी घडत आहेत. बारामती तालुक्यातील सुपे येथे १९९७ पासून चिंकाऱ्यांचे मयूरेश्वर अभयारण्य आहे, आणि वनखात्याने अलीकडे इंदापूरच्या कडबनवाडी व बारामतीच्या शिर्सुफळ येथे माळरान पाहण्यासाठी सफरी सुरू केल्या आहेत. तेथे लोक गाडीत बसून लांडगा पाहावयास येतात, आणि गावच्या तरुणांना वाटाड्याचे काम मिळते. खेड-हवेलीच्या माळास हे भाग्य लाभेल असे दिसत नाही. येथल्या जमिनीची किंमत फार वाढली आहे. तरीसुद्धा चाकणच्या पुढील टप्प्यांसाठी जेव्हा भूसंपादनाच्या नोटिसा निघतील, तेव्हा गावोगावच्या गायरानांची, ओढ्यांच्या काठांची आणि भामचंद्रासारख्या डोंगरांच्या पायथ्यांची मोजणी करताना तलाठ्याच्या सोबतीस वनखात्याचा एक माणूस द्यावा. गोल्डस्मिड-विंगेटांच्या मोजणीदारांनी प्रत्येक शेताची माती बोटांनी चुरून तिची प्रत ठरविली, त्याच निष्ठेने या माणसाने खोकडाची बिळे, तरसाच्या कपारी, मेंढरांच्या मुक्कामाची राने आणि लांडग्याच्या पाऊलखुणा नकाशावर मांडाव्यात. मग ‘पड’ हा शेरा लिहिण्यापूर्वी कारकुनाच्या पुढ्यात निदान तो नकाशा असेल.